नेदरलँड्स: बेसिक इन्शुरन्समधून थेरपीचे पैसे मिळतात का? बर्नआउट असेल तर नाही म्हणे

उकडीचा_मोदक (९ नोव्हेंबर)

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं इथे नुसती वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

आम्ही आइंडहोवनला साडेतीन वर्षं आहोत, मी आणि नवरा दोघंही नोकरी करतो. उन्हाळ्यापासून माझं काहीतरी बिनसलंय. सकाळी स्टेशनवर सायकल लावते, कुलूप घालते आणि किल्ली हातात धरून तशीच उभी राहते. प्लॅटफॉर्मकडे पायच उचलत नाही. छातीत धडधड, तळहाताला घाम, पोटात गोळा. दोनदा गाडी सोडली, तिसऱ्यांदा सरळ घरी आले आणि ऑफिसला सर्दी झाली म्हणून कळवलं. झोपेचं तर विचारूच नका, पहाटे तीनला टक्क जागी.

शेवटी हाउसआर्ट्सकडे गेले (नवीन लोकांसाठी: इकडचा फॅमिली डॉक्टर). दहा मिनिटांची अपॉइंटमेंट, त्यातली तीन मिनिटं मी रडले. बाई चांगल्या आहेत, म्हणाल्या बर्नआउटसारखं दिसतंय, थायरॉईड आणि बी१२ तपासायला रक्त द्या आणि दोन आठवड्यांनी या, मग सायकॉलॉजिस्टकडे पाठवायचं का ते ठरवू. ऑफिसमधली डच मैत्रीण म्हणते की बर्नआउट बेसिक पॅकेजमध्ये बसतच नाही, पैसे स्वतःचेच जातात. एका इंग्रजी बोलणाऱ्या थेरपिस्टची साइट बघितली तर तासाला १३० युरो, आणि खाली बारीक अक्षरात आमचा कुठल्याही इन्शुरन्सशी करार नाही.

वर आणखी एक घोळ. आलो तेव्हा कोणीतरी सांगितलं की तरुण आहात, तुम्हाला काय होतंय, आयखन रिसिको (वर्षाला उपचारांचे जेवढे पहिले युरो आपणच भरायचे ती रक्कम) जास्तीत जास्त घ्या, हप्ता कमी बसतो. म्हणून आमच्या दोघांचंही ८८५ आहे. म्हणजे पहिले ८८५ युरो माझ्याच खिशातून ना? मग आत्ता नोव्हेंबरात सुरू करू की जानेवारीपर्यंत थांबू? आणि हे सगळं कंपनीला किंवा आयएनडीला (इकडचं इमिग्रेशन खातं) कळतं का, कारण आमचा व्हिसा माझ्या नोकरीवर आहे. आईला अजून काही सांगितलेलं नाही, तिला सांगितलं तर ती पुढच्या विमानाने येईल.

---

अमस्टेलवीनचा_अण्णा

मोदकताई, आधी एक सांगतो, हा प्रकार झालेल्या तुम्ही एकट्या नाही, आमच्या गणपती मंडळातल्या निदान चार घरांत झालाय, फक्त आरतीनंतर कोणी बोलत नाही.

आता पैशाचं. बेसिक इन्शुरन्समध्ये मानसोपचार बसतो, त्याला सेशनची मर्यादाही नाही, पण तीन दारं ओलांडावी लागतात. पहिलं दार हाउसआर्ट्सची चिठ्ठी, ती नसेल तर कितीही भारी थेरपिस्ट असो, एक पैसा मिळत नाही. दुसरं दार निदान, ते मान्य आजारांच्या यादीतलं लागतं. तिसरं दार आयखन रिसिको.

आयखन रिसिको म्हणजे वर्षाला पहिले अमुक युरो तुमचे. सक्तीचं ३८५ आहे, २०१६ पासून तिथेच अडकलंय. तुम्ही वरून स्वखुशीने ५०० घेतलेत म्हणून ८८५. हाउसआर्ट्सकडे जाणं यात धरत नाहीत, ते कायम फुकट, पण त्यांनी रक्त तपासायला दिलं की लॅबचं बिल यातून जातं. म्हणजे तुमचा मीटर ऑलरेडी सुरू झालाय. गोळ्या दिल्या तर त्यासुद्धा यातूनच.

आता माझी फजिती ऐका. पूर्वी पद्धत अशी होती की उपचार ज्या वर्षी सुरू झाला त्या वर्षाच्या खात्यात अख्खं बिल पडायचं, म्हणजे नोव्हेंबरात सुरू केलं आणि पुढच्या जूनपर्यंत चाललं तरी आयखन रिसिको एकदाच. माझ्या मित्राचं तसंच झालं होतं म्हणून मीही निवांत. १ जानेवारी २०२२ पासून ते बदललं, आता प्रत्येक सेशनचं बिल ज्या तारखेचं त्या वर्षात. मी २०२२ च्या नोव्हेंबरच्या शेवटी सुरू केलं, डिसेंबरात तीन सेशन झाली, ३८५ गेले, नाताळची सुट्टी, जानेवारीत मीटर पुन्हा शून्यावर आणि परत ३८५. दीड महिन्यात ७७०. बायको म्हणाली एवढ्यात तर दोघांची पुण्याची एका बाजूची तिकिटं झाली असती. बरोबर होतं तिचं, पण मी तेव्हा पुण्याला गेलो असतो तर तिकडेही भिंतीकडे बघत बसलो असतो.

तुमचं ८८५ आहे म्हणजे हिशोब आणखी वाकडा. ते १ जानेवारीपासून ३८५ करता येतं, वर्षाच्या मध्ये नाही. ३१ डिसेंबरच्या आत करून टाका. कंपनी बदलायची असेल तर तेव्हाच बदला, बेसिकसाठी कुठलीही कंपनी तुम्हाला नाही म्हणू शकत नाही, आधीचा आजार असो वा नसो. वरच्या जादाच्या पॉलिसीला मात्र म्हणू शकते.

---

दुधीहलवा

अण्णांनी पैशाचं सांगितलं, मी शब्दाचं सांगते कारण माझा सगळा खेळ शब्दावरच अडला होता.

तुझी मैत्रीण बरोबर आहे आणि अर्धवट आहे. बर्नआउट हे निदान म्हणून यादीत नाही. कामाचा ताण, नवराबायकोचं पटत नाही, आणि ज्याला अ‍ॅडजस्टमेंट डिसऑर्डर म्हणतात, म्हणजे नवीन देश किंवा घटस्फोट किंवा कोणी गेलं आणि माणूस कोलमडला, हे २०१२ पासून बेसिकमधून बाहेर आहे. आपल्यासारख्या देश सोडून आलेल्या लोकांना नेमकं तेच होतं आणि नेमकं तेच बसत नाही, काय बोलायचं. पण डिप्रेशन, पॅनिक डिसऑर्डर, अँग्झायटी, पीटीएसडी, ओसीडी हे सगळं बसतं. आणि तू जे लिहिलंयस, स्टेशनवर पाय न उचलणं, धडधड, गाडी सोडणं, ते वाचून मला तरी नुसता कामाचा थकवा वाटत नाही. मी डॉक्टर नाही, पण हाउसआर्ट्सच्या दहा मिनिटांत तू हे सांगितलंस का? की "आय अ‍ॅम व्हेरी टायर्ड, अ लॉट ऑफ वर्क" एवढंच?

मी तेच केलं होतं. चार वर्षांपूर्वी उट्रेख्टला होतो, मला रोज संध्याकाळी वाटायचं आज आपला जीव जाणार. आणि डॉक्टरसमोर बसले की मी शहाण्या मुलीसारखी हसून थोडं स्ट्रेस आहे म्हणायचे. आपल्याला सवयच नाही ना, बरं आहे का विचारलं की बरं आहे. डॉक्टरने लिहिलं स्ट्रेस, सांगितलं चालायला जा. डच डॉक्टरला तू जे सांगशील तेवढंच तो धरतो, चेहरा बघून ओळखत नाहीत हे लोक. दुसऱ्या वेळी मी घरूनच मराठीत एका कागदावर लिहून नेलं, कधी होतं, किती वेळ राहतं, काय काय करायचं सोडलं (मी लिफ्ट सोडली होती, सिनेमा सोडला होता, केस धुताना डोळे मिटायचे सोडले होते), आणि ते इंग्रजीत वाचून दाखवलं. बाईंनी मग फोरडीकेएल नावाची प्रश्नावली दिली, पन्नास प्रश्न असतात, नुसता ताण आहे की डिप्रेशन, अँग्झायटी, की मनाचं शरीरात उतरलंय ते त्यातून चार भागांत वेगळं दिसतं. तिथे माझा अँग्झायटीचा आकडा वर निघाला आणि मग चिठ्ठी मिळाली. खोटं काही सांगायचं नाही, वाढवूनही नाही. फक्त कमी करून सांगायचं नाही.

आणि थांबायच्या काळात पीओएच माग. प्रत्येक हाउसआर्ट्सच्या दवाखान्यात बहुतेक एक माणूस असतो मानसिक तक्रारींसाठी, अर्ध्यापाऊण तासाची भेट देतात, आणि ते हाउसआर्ट्सच्याच खात्यात धरतात म्हणून आयखन रिसिको लागत नाही. ८८५ काय नि ३८५ काय, शून्य. मला पाच भेटी मिळाल्या. ती काही थेरपी नव्हे, पण श्वास कसा सोडायचा आणि दिवस कसा आखायचा एवढं तिथे कळलं, आणि कोणीतरी पाऊण तास घड्याळ न बघता ऐकतंय हेच तेव्हा खूप होतं.

---

सव्वाशेर

सगळं वाचलं. आमच्या वेळी असले लाड नव्हते. सकाळी लवकर उठून प्राणायाम करा, मोबाइल कमी करा, देवाचं नाव घ्या. हजार युरो घालवून परक्या माणसाला घरच्या गोष्टी सांगायच्या, हे पटत नाही.

---

दुधीहलवा

काका, प्राणायाम मीही करते, त्याला चिठ्ठीही लागत नाही. पण ती बाई स्टेशनवर किल्ली धरून उभी आहे. धागा इन्शुरन्सचा आहे, तेवढ्यावर राहू या का?

---

कागदी_घोडा

मी इथल्या एका इन्शुरन्स कंपनीत बिलं तपासायच्या विभागात आहे, कुठली ते विचारू नका. रोज हेच बघतो म्हणून लिहितो.

लोकांचे पैसे अडकतात ते बहुतेक वेळा आजारामुळे नाही, कागदामुळे. एक, चिठ्ठीची तारीख. पहिल्या भेटीच्या आधीची लागते. लोक आधी थेरपिस्टकडे जातात, मग तो म्हणतो चिठ्ठी आणा, मग हाउसआर्ट्सकडून आणतात आणि ती नंतरच्या तारखेची असते. मधली सेशनं गेली. शिवाय चिठ्ठी नऊ महिने चालते, तेवढ्यात नाव नोंदवायला हवं. आणि चिठ्ठीवर मानसिक आजाराचा संशय आहे असं लिहिलेलं हवं, शिवाय बेसिक-जीजीझेड की स्पेशालिस्ट-जीजीझेड तेही (जीजीझेड म्हणजे इथली मानसिक आरोग्यसेवा). हल्लीहल्लीचं साधं पॅनिक असेल तर पहिलं, जुनं गुंतागुंतीचं असेल तर दुसरं. नुसतं "बर्नआउटच्या तक्रारी" लिहिलेल्या चिठ्ठ्या येतात, त्यांचं पुढे काही होत नाही. हाउसआर्ट्सला विचारायला लाजू नका की चिठ्ठीवर काय लिहिताय.

दोन, समोर बसलेला माणूस कोण. या देशात "सायकॉलॉजिस्ट" ही पाटी कोणीही लावू शकतो, त्या शब्दाला कायद्याचं संरक्षण नाही. जीझेड-सायकॉलॉग, सायकोथेरपिस्ट, क्लिनिकल सायकॉलॉग, सायकिअ‍ॅट्रिस्ट यांना आहे, त्यांची नावं बिग-रजिस्टरमध्ये असतात, ते ऑनलाइन फुकट बघता येतं. तुमच्या उपचाराची जबाबदारी असा एक नोंदणीकृत माणूस घेतो, त्याला रेझीबेहांडेलार म्हणतात. रोज भेटणारी मुलगी ज्युनिअर असली तरी चालतं, पण वर तो हवा. कोच, माइंडफुलनेसवाले, "होलिस्टिक थेरपिस्ट" यांचं बेसिकमध्ये काहीच नाही.

तीन, करार. तुमची पॉलिसी नातुरा असेल (स्वस्तातली बहुतेक तीच असते) तर कंपनीचा ज्यांच्याशी करार आहे त्यांच्याकडे पूर्ण मिळतं. करार नसलेल्याकडे गेलात तर कमी, साधारण सत्तर टक्क्यांच्या आसपास, पॉलिसीनुसार पुढेमागे, आणि ते सत्तर टक्के तुमच्या बिलाचे नव्हेत, कंपनीने ठरवलेल्या दराचे. तुम्ही म्हणताय त्या साइटवर "करार नाही" याचे दोन अर्थ होतात: एक, नोंदणीकृत आहे पण करार नाही, मग थोडे तरी परत मिळतील. दुसरा, इन्शुरन्सच्या बाहेरच काम करतो, मग काहीच नाही. फोन करून हेच विचारा.

आणि हो, अपॉइंटमेंट चुकली तर त्याचे पैसे इन्शुरन्स देत नाही. बहुतेक ठिकाणी २४ तास आधी कळवायचा नियम असतो. स्टेशनवर अडकणाऱ्या माणसाने हे लक्षात ठेवावं, किंवा थेरपी ऑनलाइन मागावी, व्हिडिओवरची भेटही तशीच धरतात.

---

पेठेतला_पाहुणा

मी पुण्यात असतो, मुलगी डेल्फ्टला शिकते म्हणून हा धागा वाचतोय. मला आश्चर्य वाटलं की तिकडे थेरपीला सेशनची मर्यादा नाही म्हणता आणि तरी लोक रडतायत! आपल्याकडे २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर कायद्यात कलम २१(४) मध्ये स्वच्छ लिहिलंय की शारीरिक आजाराला जसा विमा तसाच मानसिक आजाराला. कायदा लागू झाला मे २०१८ ला, विमा नियामकाने ऑगस्टमध्ये कंपन्यांना कळवलंही. पण बहुतेक पॉलिसी अ‍ॅडमिट झाल्यावरच पैसे देतात, आणि काउन्सिलिंगला कोण अ‍ॅडमिट होतं? माझ्या मेहुण्याच्या डिप्रेशनचे दोन वर्षांचे पैसे खिशातूनच गेले, विमा कंपनीने ओपीडी म्हणून फाइल परत पाठवली. मुलीचं मात्र एक विचारायचं होतं, ती विद्यार्थी आहे, तिलाही बेसिक असतंच का?

---

कागदी_घोडा

काका, नुसती शिकत असेल तर बहुधा नाही, तिची विद्यार्थ्यांची खाजगी पॉलिसी असेल आणि त्यात थेरपीला वेगळे नियम असतात, पॉलिसीचा कागद तिला वाचायला सांगा. पण तिने इथे कॅफेबिफेत पगारी काम धरलं की बेसिक सक्तीचं होतं. हे बऱ्याच मुलांना माहीत नसतं, मग दंडाचं पत्र येतं.

---

सायकल_चोरीला_गेली

हाच विषय आहे म्हणून विचारते, माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, शाळेत जायला नाही म्हणतो, त्यालाही आयखन रिसिको?

---

अमस्टेलवीनचा_अण्णा

नाही. अठरापर्यंत आयखन रिसिको नसतं, आणि मुलांचे मानसिक उपचार २०१५ पासून इन्शुरन्सकडे नाहीतच, महापालिकेकडे आहेत. हाउसआर्ट्सकडूनच जाता येतं. नवीन धागा काढा, इथे मोदकताईंचं राहून जाईल.

---

उकडीचा_मोदक

बाप रे, एवढे प्रतिसाद. एकेक उत्तर देते, रात्रीचे अडीच वाजलेत आणि जागी आहेच.

दुधीहलवा, तू पकडलंस मला. "व्हेरी टायर्ड" हेच म्हटलं होतं. गाडी सोडते हे सांगितलंच नाही, लाज वाटली. आज तुझ्यासारखं कागदावर लिहिलं. लिहिताना लक्षात आलं की मी ऑगस्टपासून केवढं काय काय टाळतेय, सुपरमार्केटला शनिवारी जात नाही, मोठ्या मीटिंगला दाराजवळ बसते, आणि गेल्या महिन्यात मैत्रिणीच्या डोहाळजेवणाला ताप आहे म्हणून सांगितलं. पानभर झालं. ते इंग्रजीत करताना "जीव घाबरा होतो" इथे अडकले. काय लिहू? माय लाइफ गेट्स स्केअर्ड?? एकटीच हसले.

कागदी_घोडा, पॉलिसी काढून बघितली, नातुराच आहे. त्या १३० युरोवाल्या बाईंना मेल केला, त्या इन्शुरन्सच्या बाहेरच काम करतात, एका ओळीत उत्तर आलं. बिग-रजिस्टरमध्येही नाव नव्हतं.

एकच अजून कळत नाही. अण्णा म्हणतात तसं बघितलं तर आत्ता सुरू केलं तर ८८५ आणि जानेवारीत परत ३८५, म्हणजे १२७० पर्यंत जाऊ शकतं. जानेवारीत केलं तर फक्त ३८५. नवरा म्हणतो पैशाचं बघू नकोस. पण मी बघतेच ना. दोन महिने काढू शकेन का हे मला माहीत नाही.

---

दुधीहलवा

अगं, तुझा प्रश्न वेटिंग लिस्टच सोडवेल, दुर्दैवाने. इथे नियम असा आहे की नाव नोंदवल्यापासून पहिल्या भेटीपर्यंत चार आठवडे आणि तिथून उपचार सुरू होईपर्यंत दहा, म्हणजे चौदा आठवडे ही मान्य मर्यादा. ती सुद्धा बरेच ठिकाणी पाळली जात नाही. तेव्हा चिठ्ठी आत्ताच घे आणि रांगेत आत्ताच उभी राहा, नाव नोंदवायला पैसे पडत नाहीत, भेट होईल त्या दिवसाचं बिल होतं. नोव्हेंबरात नंबर लावलास तरी खरी सेशनं जानेवारीतच येतील बघ. रांगेत जानेवारीत उभी राहिलीस तर मात्र एप्रिल.

एकाच ठिकाणी नंबर लावून बसू नकोस. प्रत्येकाच्या साइटवर वेटिंगचे आठवडे लिहिलेले असतात, लिहावेच लागतात. आणि चौदा आठवड्यांच्या वर जातंय असं दिसलं की इन्शुरन्सला फोन कर आणि म्हण मला झोर्गबेमिडलिंग हवंय, हाच शब्द म्हण, नुसतं हेल्प म्हणू नकोस. तुला करारातला थेरपिस्ट शोधून देणं हे त्यांचं काम आहे. मला उट्रेख्टमध्ये बावीस आठवडे सांगितले होते, फोन केल्यावर अमर्सफोर्टला सहा आठवड्यांत मिळाला. ट्रेनने जायचं होतं, तो वेगळाच विनोद.

आणि हे महत्त्वाचं, हिशोबबिशोब सगळा बाजूला: मधल्या काळात जगूच नये असं काही मनात आलं तर जानेवारी बघायचा नाही. ११३ ला फोन, चोवीस तास, फुकट. किंवा हाउसआर्ट्सला त्याच दिवशी, रात्री असेल तर हाउसआर्ट्सेनपोस्ट. पैसे नंतर, हप्त्यानेही देता येतात, इन्शुरन्सला विचारलं की आयखन रिसिको महिन्यावारी तोडून देतात.

जीव घाबरा होतो चं भाषांतर करू नकोस. शरीरात काय होतं ते सांग, कुठे धडधडतं, किती मिनिटं. बाकी ते विचारतील.

---

अमस्टेलवीनचा_अण्णा

दुधीहलवा यांना अनुमोदन. माझ्या वेळी मला कोणी रांगेचं सांगितलं नव्हतं, मी जानेवारीची वाट बघायच्या ऐवजी नेमका ज्याच्याकडे एक जागा रिकामी होती तिथे घुसलो.

तुमचा ऑफिसचा आणि व्हिसाचा प्रश्न राहिला. आयएनडीला यातलं काही जात नाही. आपण हप्ता भरतो, आपण विमा वापरतो, ही काही सरकारी मदत नव्हे. कंपनीला काय आजार आहे हे विचारायचा अधिकारच नाही, मॅनेजरने विचारलं तरी नाही. आजारी म्हणून कळवलं की तुम्हाला कंपनीचा डॉक्टर बोलावतो, बेद्रैफ्सआर्ट्स, त्याला सगळं सांगा, तो वर फक्त एवढं कळवतो की ही किती तास काम करू शकते. पगार किमान सत्तर टक्के, दोन वर्षांपर्यंत. सर्दी सर्दी करत बसू नका, सर्दीची नोंद करून उलट तुमचंच नुकसान आहे.

आणि कंपनीला हेही विचारा की त्यांचा स्वतःचा काही कोच किंवा सायकॉलॉजिस्ट आहे का. बर्नआउट बेसिकमध्ये बसत नाही हे इथल्या कंपन्यांना माहीत असतं, बऱ्याच जणी स्वतः खर्च करतात कारण माणूस दोन वर्षं घरी बसला तर पगार त्यांनाच द्यायचाय. माझ्या कंपनीने आठ सेशन दिली, चिठ्ठी नाही, निदान नाही.

---

कागदी_घोडा

अजून एक, इन्शुरन्समधल्या माझ्यासारख्या माणसालाही तुमचं निदान दिसू नये असं वाटत असेल तर थेरपिस्टकडे प्रायव्हसीचा फॉर्म मागा. दोघांची सही असते, मग निदानाची माहिती आमच्याकडे येत नाही आणि पैसे तेवढेच मिळतात. फार कमी लोक मागतात. मी मागितला होता, मला माझे सहकारी माहीत आहेत.

---

रविवारची_बासुंदी

मराठी थेरपिस्ट कोणी सुचवेल का? मी पुण्यातल्या एका बाईंकडून ऑनलाइन घेत होते, सेशनला १८०० रुपये, इन्शुरन्समधून काही नाही. पण सासूबाई म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही, तेवढ्याचे १८०० मी आनंदाने दिले.

---

दुधीहलवा

हाहा, खरंय. माझी डच होती, तिला पहिली दोन सेशनं सासूबाईंवरच गेली. पण एक फायदा झाला, समजावून सांगताना मलाच ऐकू आलं मी काय बोलतेय.

---

उकडीचा_मोदक (१५ फेब्रुवारी)

हा धागा खाली गेलाय पण ज्यांनी लिहिलं त्यांना सांगायला वर काढतेय.

दोन आठवड्यांनी परत गेले तेव्हा कागद वाचून दाखवला. बाईंनी मध्ये एकदाही थांबवलं नाही, पन्नास प्रश्नही दिले. चिठ्ठीवर पॅनिक डिसऑर्डरचा संशय, बेसिक-जीजीझेड, हे मी स्वतः वाचून घेतलं. बी१२ही कमी निघालं, शाकाहारी असल्यावर व्हायचंच, त्याच्या गोळ्या वेगळ्या. पीओएचकडे चार वेळा गेले, एक पैसा लागला नाही. तीन ठिकाणी नंबर लावले, एकाने अठरा आठवडे सांगितले, मग फोन केला आणि तो शब्द म्हटला. पलीकडची मुलगी क्षणभर गप्प झाली आणि मग भराभर मेल आयडी वगैरे विचारायला लागली, जणू पासवर्डच! हेल्मंडला मिळाला, पहिली भेट १२ जानेवारी, सगळं नवीन वर्षात.

आतापर्यंत चार सेशन झाली. अ‍ॅपमध्ये बघितलं, तिसऱ्या बिलातच ३८५ संपले, आता पुढचं सगळं इन्शुरन्स कंपनीचं. थेरपिस्टने दुसऱ्या भेटीत विचारलं तुमच्या भाषेत याला काय म्हणता, मी म्हटलं धडकी भरते, तिने ते वहीत लिहून घेतलं आणि आता दर वेळी तेच म्हणते, "डडकी?" शून्य ते दहा किती? काल सहा होती. सायकलच्या कुलपापासून प्लॅटफॉर्मपर्यंत आधी तिच्याबरोबर व्हिडिओवर चालत गेले, मग एकटी. गाडीत अजून बसले नाही, नुसती दारापर्यंत. पुढच्या आठवड्यात एक स्टेशन.

ऑफिसला खरं सांगितलं, म्हणजे आजारी आहे एवढंच, काय ते नाही. आईला सांगितलं. ती मार्चमध्ये येतेय, व्हिसा झाला.

अण्णा, ८८५ चं ३८५ करायला २८ डिसेंबरला रात्री बसले होते, माझं झालं. नवऱ्याचंही करू म्हटलं तर म्हणे राहू दे, मला काय होतंय. त्याचं अजून ८८५ च आहे.